एक वर्ष बंद राहिलेलें कॉलेज

धर्माचें अध्ययन केल्यानें श्रद्धा ढळते कीं दृढ होते? अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत गोशेन या गांवीं मेनोनाइट पंथाचें एक लहानसें कॉलेज आहे. या प्रश्नापायीं त्याच्यावर एकदां दारें लावून घेण्याची पाळी आली.

या पंथाचा उगम १५२५ सालच्या झुरिक शहरांतला. बाप्तिस्मा जाणत्या वयांत, स्वेच्छेनेंच घ्यावा, असा त्या लोकांचा आग्रह. त्यापायीं फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्यें लिमात नदींत बुडवून मारण्यांत आलें. पुढें मेनो सायमन्स या धर्मोपदेशकावरून पंथास नांव मिळालें.

गोशेनच्या कॉलेजांत नवमतवाद शिरला, असा संशय वडीलधाऱ्यांस येऊन १९२३ सालीं पंथाच्या शिक्षणमंडळानें तें वर्षभर बंद ठेविलें. १९२४ मध्यें तें पुन्हां उघडलें, तेव्हां हॅरल्ड बेंडर हे तरुण अध्यापक तेथें आले. त्यांनीं पूर्वजांच्या इतिहासाचें संशोधन आरंभिलें व १९२७ मध्यें त्यासाठीं त्रैमासिक काढलें. महायुद्ध पेटलें असतां, १९४३ सालीं, त्यांनीं इतिहासकारांच्या सभेंत पंथाचें सार सांगितलें: ख्रिस्ताचें अनुसरण, बंधुभाव आणि अप्रतिकार. संशोधनानें श्रद्धा ढळली नाहीं; तिला आपलें मूळ सांपडलें.

जी श्रद्धा जाणतेपणींच स्वीकारावयाची, तिनें ज्ञानाचें भय कां धरावें?