दिनविशेष, १६ सप्टेंबर : नदी ओलांडणारे जाळे

मादागास्करच्या आंदासिबे-मांतादिया राष्ट्रीय उद्यानातल्या ‘डार्विन कोळी’ या नव्या जातीच्या रेशमाचा अभ्यास २०१० साली आजच्याच दिवशी ‘प्लॉस वन’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे रेशीम केव्हलार या कृत्रिम तंतूच्या सुमारे दहापट चिवट निघाले. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. कुंटनर, आग्नार्सन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जाळे पाहिले आणि मग रेशमाविषयी तर्क बांधला. मादी वाहत्या नदीवर जाळे टांगते. त्याचा आधारधागा या काठावरून त्या काठावर जातो, कधी तब्बल २५ मीटर. एवढा ताण पेलणारा धागा साधा असेल कसा?

अशा रेशमाची मथळ्यांतून पोलादाशी होणारी तुलना फसवी आहे, हा आक्षेप रास्तच. चिवटपणा म्हणजे तुटण्याआधी धागा किती ऊर्जा पचवतो ते, आणि त्यात ताणले जाण्याचा वाटा मोठा. (मथळे रचणाऱ्यांना एवढी सवड नसते.) दुसरा आक्षेप उपयोगाचा : कोळी एकमेकांनाच खातात, त्यांचे रेशीमपालन होणार कसे? खरे आहे, पण म्हणून जंगल राखणे व्यर्थ ठरत नाही. संग्रहालयातल्या बाटलीतला कोळी त्याच्या जाळ्याबद्दल काही सांगत नाही. या संशोधनाचा धागा हाती लागला तो नदी, दोन्ही काठांची झाडी आणि पाण्यावर उडणारे किडे जागच्या जागी होते म्हणून.