कुरडई, टमाटे आणि खिमा

श्रोतेहो, खान्देशचा इतिहास म्हटला की थाळनेरचा किल्ला आठवतो, फारुकी सुलतान आठवतात, असीरगड आठवतो. चुलीवरचं भगुणं काही कुणाला आठवत नाही. आज त्या भगुण्याविषयीच बोलायचं आहे.

जळगाव-धुळ्याच्या शहरी घरांतून अलीकडे पास्ता नावाचा इटालियन पदार्थ शिजू लागला आहे. गव्हाच्या वाळवलेल्या नळ्या किंवा शेवया पाण्यात उकडायच्या, दुसऱ्या भांड्यात कांदा, खिमा आणि ताजे टमाटे परतायचे, आणि शेवटी दोन्ही एक करायचं. अर्ध्या तासात जेवण तयार. कामावरून थकून आलेल्या माणसाला हे सोयीचं वाटतं यात नवल नाही. पण गावाकडची एखादी आजी ते ताट पाहून म्हणते, “अरे, ही तर आपली कुरडईची भाजी!” नातवंडं हसतात. हसू नये. आजीचं म्हणणं इतिहासाच्या कसोटीवर बरंचसं टिकतं.

देशावरून किंवा कोकणातून बदली होऊन इकडे आलेल्या शिक्षकमित्रांना कुरडई माहीत असते ती आमरसाच्या ताटातली, तळून फुललेली. तिची भाजी होते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. घरात भाजी नाही, बाजाराचा दिवस दूर, आणि पाहुणा तर दारात, अशा वेळी डब्यातल्या चार कुरडया मोडून गरम पाण्यात भिजत टाकतात. तेलात कांदा, लसूण, तिखट पडतं, हाताशी असला तर टमाटा पडतो, आणि निथळलेली कुरडई वरून घालून दोन वाफा काढल्या की झालं. शेवभाजीचंही तेच. शेव डब्यात तयार, फक्त रस्सा करायचा.

पण ‘झटपट’ हा शब्द जरा जपून वापरावा. संध्याकाळी पंधरा मिनिटांत होणाऱ्या या भाजीमागे उन्हाळ्यातले पाच-सहा दिवस असतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. आंबूस वास आला की ते वाटायचे. पूर्वी हे काम पाट्यावर नाहीतर उखळात होई. वाटलेला गोळा पाण्यात कालवून, पिळून, गाळून चोथा बाजूला काढायचा. रात्रभरात पांढराशुभ्र चीक तळाशी बसतो, वरचं पाणी पहाटे ओतून देतात. मग आधणात मीठ घालून त्यात चीक सोडायचा आणि दांड्याने घाटत राहायचं. हे काम एकटीचं नव्हे. एकीने ओतायचं, दुसरीने घाटायचं. क्षणभर हात थांबला तर गुठळ्या झाल्याच. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो, कारण थोडा निवला की सोऱ्या फिरत नाही. तळहाताला फोड आल्याशिवाय कुरडया झाल्या असं कुणी म्हणत नाही. खाटेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया पडतात आणि उन्हाळ्याचं ऊन पुढचं काम करतं. आळीतल्या बाया एकमेकींकडे पाळीपाळीने जातात, आणि आखाजीला लेकी माहेरी येतात तोवर डबे भरलेले असतात. मुलांचा डोळा मात्र गरम चिकावरच. वाटीभर चीक, त्यावर तेल किंवा तूप, एवढ्यासाठी ती सकाळपासून चुलीभोवती घिरट्या घालतात.

आता इटलीकडे वळू. तिथेही गोष्ट सुरू होते ती वाळवणापासूनच. अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराने ११५४ साली सिसिली बेटाचं वर्णन लिहिलं. त्रबिया नावाच्या गावी गव्हाच्या शेवयांसारखा पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि जहाजांनी दूरदूरच्या मुलखांत जातो, असं त्याने नमूद केलं आहे. पुढे नेपल्सजवळचं ग्रान्यानो हे गाव या धंद्यासाठी नावाजलं. तिथल्या रस्त्यांवर बांबूच्या काठ्यांवर लांब शेवया वाळत घातलेल्या असत. आपल्याकडे पाटावर वळलेल्या शेवया काठीवर टाकतात, तसंच ते दृश्य. टिकणारं अन्न करून ठेवायचं आणि गरजेला पाण्यात जिवंत करायचं, ही युक्ती समुद्राच्या दोन्ही बाजूंना सुचलेली दिसते.

इथे आजीला थोडं दुरुस्तही केलं पाहिजे. पास्ता होतो तो कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून. आपण ज्याला बन्सी म्हणतो तो याच जातीचा गहू. त्यातला चिकट भाग, म्हणजे प्रथिन, पास्त्यात तसाच राहतो आणि त्यामुळे उकडल्यावर पास्ता फुटत नाही. कुरडईत तो भाग चोथ्याबरोबर बहुतेक निघून जातो, उरतं ते गव्हाचं सत्त्व. तेव्हा पास्त्याची सख्खी बहीण म्हणजे शेवई. कुरडई चुलत बहीण म्हणावी. निफाडच्या संशोधन केंद्राचा ‘गोदावरी’ नावाचा बन्सी वाण शेवया, कुरडया आणि पास्ता या तिन्हींसाठी चांगला मानतात, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

टमाट्याचं काय? पुष्कळांची समजूत अशी, की इटलीतला माणूस अनादिकाळापासून टमाटे खात आला. तसं नाही. टमाटा मूळचा अमेरिका खंडातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोचला आणि बरीच वर्षं लोकांनी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं. नेपल्समध्ये अंतोनियो लातिनी याने टमाट्याच्या चटणीची कृती छापली ती सतराव्या शतकाच्या अगदी अखेरीस. शेवया आणि टमाटा एकत्र शिजवण्याची कृती इप्पोलितो काव्हालकान्ती याच्या १८३९ च्या पुस्तकात मिळते. म्हणजे आज ज्याला प्राचीन इटालियन जेवण म्हणून मान मिळतो, ते पुस्तकांत येऊन सुमारे दोनशे वर्षंच झाली.

निकोलाव मनुची नावाचा व्हेनिसचा एक तरुण १६५६ साली सुरतेला उतरला आणि बऱ्हाणपुरावरून आग्र्याकडे गेला. ती वाट आपल्या खान्देशातून जाते. सुरतेला पहिलाच विडा खाऊन त्याला भोवळ आली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. या इटालियन पोराला वाटेत कुणी टमाट्याचा रस्सा वाढला असता, तर तो त्यालाही नवखाच वाटला असता, आणि वाढणाऱ्यालाही!

कारण आपल्याकडे तरी तेव्हा काय होतं? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ११३० च्या सुमारास, मांसाचे कितीतरी प्रकार वर्णिले आहेत. त्यांत मिरी आहे, हिंग आहे, आलं आहे, सैंधव आहे, आंबट रस आहेत. लाल मिरची नाही, टमाटा नाही. ‘ऐन-इ-अकबरी’त दोप्याज्याचं माप दिलं आहे, १० शेर मांसाला २ शेर तूप आणि २ शेर कांदे. तिखटपणा तिथेही मिरीचाच. त्याच ग्रंथात खान्देशाविषयी लिहिलं आहे की इथे मुख्य पीक ज्वारीचं, काही ठिकाणी वर्षातून तीनदा येणारं, आणि तिचं ताट इतकं गोड की लोक ते फळासारखं खातात. यावरून मला असं वाटतं, की गव्हाची कुरडई ही मुळात रोजची चीज नसावी. सणासाठी आणि पाहुण्यासाठी राखलेली ती शिदोरी असावी.

मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि घरची झाली. टमाटा मात्र फार उशिरा रुळला. जॉर्ज वॅट याच्या १८८९ पासून निघालेल्या कोशात लिहिलं आहे, की हे फळ मुख्यतः युरोपियनांसाठी लावलं जातं, देशी लोकांना ते आता कुठे आवडू लागलं आहे. जुनी मराठी माणसं त्याला वेलवांगी म्हणत, विदर्भात अजून भेदरं म्हणतात. ओळखीच्या भाजीचं नाव उसनं देऊन परक्या फळाला घरात घेतलं, हा त्याचा पुरावा. आंबटपणासाठी आपल्याकडे चिंच होती, कैरी होती, आमचूर होता. पण चिंच भिजवावी लागते, कोळावी लागते. टमाटा चिरला की आंबटपणाही मिळतो आणि रस्साही दाट होतो. घाईच्या चुलीवर तो जिंकला तो असा. त्याच्या पिकवणाऱ्याला नेहमीच जिंकू देतो असं नाही. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा ज्यांनी वर्गात शिकवली असेल, त्यांना अधिक सांगायला नको.

काव्हालकान्ती आणि लातिनी यांची नावं आपल्याला कळतात, कारण त्यांनी लिहून ठेवलं. मराठीत ‘सूपशास्त्र’ हे पाकशास्त्राचं पुस्तक १८७५ साली छापलं गेलं. पण चीक किती घाटायचा, सोऱ्यात केव्हा भरायचा, हे खान्देशातल्या बायांनी एकमेकींच्या हातात हात धरून शिकवलं. त्यांतल्या एकीचंही नाव इतिहासाला ठाऊक नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी मुलाने उतरवून घेतली म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आली, नाहीतर तीही जात्याच्या घरघरीत विरून गेली असती. आज कुरडया बचत गटांकडून आणि दुकानांतून विकत मिळतात, घरी करणारी घरं कमी होत चालली आहेत. हात वाचले, हे बरंच झालं; त्या फोडांचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. पण गुरुजी, या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना आपापल्या आजीकडून ही कृती तिच्या शब्दांत, अहिराणी असेल तर अहिराणीत, लिहून आणायला सांगा. नाव, गाव, वर्ष घालून.

आता ज्यांच्या घरी मांस चालतं, त्यांच्यासाठी आजीची आणि नातवंडांची तडजोड. चौघांना पाव किलो खिमा, दोन कांदे, चार पिकलेले टमाटे, पाच-सहा कुरडया. खान्देशी मटण मोठ्या फोडींचं असतं आणि शिजायला वेळ घेतं. खिमा बारीक, म्हणून लवकर होतो. तेलात कांदा तांबूस करून आलं-लसूण, हळद, दोन चमचे काळा मसाला परतावा, खिमा घालावा, रंग पालटला की टमाटे घालून झाकण ठेवावं. वीसेक मिनिटांत कडेने तेल सुटतं. तेवढ्यात कुरडया गरम पाण्यात नरम होतात. फार वेळ ठेवल्या तर लगदा होतो, बोटाने दाबून पाहत राहावं. निथळून खिम्यात घालाव्या आणि हलक्या हाताने ढवळावं. मांस न खाणाऱ्यांनी खिम्याच्या जागी उकडलेली तूरडाळ घ्यावी. आणि मीठ घालताना हात आखडता ठेवावा, कुरडईत ते उन्हाळ्यातच पडलेलं असतं.