टेकू काढावयाचा केव्हा?



मी डॉक्टर नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले आणि पुढची तीस वर्षे बांधकाम मजुरांच्या संघटनेत गेली. तेव्हा हृदयाच्या रोहिण्यांवर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात आला असल्यास तो रास्त आहे. उत्तर एवढेच की, या विषयात मी एकदा न समजता सल्ला दिला, आणि पुढे तो विषय समजून घेतल्यावाचून मला चैन पडेना.

२०१५ साली आमच्या एका सेंटरिंग मिस्त्रीच्या हृदयाची रोहिणी अरुंद झाल्याचे निघाले. खासगी रुग्णालयात घरच्यांना सांगण्यात आले की, धातूचा स्टेंट, म्हणजे बारीक जाळीची नळी, बसवता येईल. अथवा काही वर्षांत आपोआप विरघळून जाणारा नवा स्टेंट बसवता येईल. नव्याची किंमत दोन लाखांच्या घरात. धाकट्या भावाने मला विचारले, "भाऊ, कोणता घेऊ?" मी म्हणालो, "नवा आहे, तर चांगलाच असणार. घे." दागिने गहाण पडले, पतपेढीचे कर्ज झाले.

या इतिहासाचा आरंभ हृदयापासून नव्हे, पायापासून होतो. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायातील अरुंद रोहिणी आतून नळ्या सरकवून रुंद केली. पायाला गँग्रीन झाले होते, पण पाय कापून घ्यावयास बाई तयार नव्हती. तिचा पाय वाचला. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रोहिणीत चिमुकला फुगा फुगवून तोच मार्ग तेथेही मोकळा केला. परंतु फुगा काढून घेतल्यावर कित्येकांची रोहिणी काही महिन्यांत पुन्हा आकसे. म्हणून १९८६ साली तुलूझ येथे जाक प्युएल यांनी व लोझान येथे उलरिश सिगवार्ट यांनी आत धातूची जाळी ठेवून दिली. जाळीभोवती पेशी वाढून वाट पुन्हा बुजू लागली, तेव्हा जाळीला औषधाचा लेप आला. तसा पहिला स्टेंट १९९९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे बसवला गेला.

आता आमच्या धंद्यातला दाखला देतो. स्लॅब ओतताना खाली फळ्या आणि टेकू लावतात, त्याला आम्ही सेंटरिंग म्हणतो. काँक्रीट धरले की सेंटरिंग काढावयाचे असते. ते कायम ठेवले तर खोलीत राहावयाचे कसे? रोहिणीचेही तसेच. फुग्याने ताणलेली भिंत काही महिन्यांत सावरते. पुढे मात्र धातूच्या पिंजऱ्यात तिला आकुंचन-प्रसरणाची मोकळीक राहत नाही, आणि वर्षे लोटल्यावरही धातूवर रक्ताची गुठळी होण्याचा थोडा धोका उरतो. तेव्हा काम झाले की निघून जाणारा टेकू असावा, हा विचार सरळ होता. जपानमध्ये हिदेओ तामाई यांनी असे स्टेंट १५ रुग्णांना बसवून २००० साली अहवाल प्रसिद्ध केला. पदार्थ होता पॉलिलॅक्टिक आम्ल. शरीरात त्याचे हळूहळू लॅक्टिक आम्ल होते, जे आपल्या दह्यातही असते, आणि शेवटी पाणी व कार्बन डायॉक्साइड उरतो.

२००६ मध्ये 'अ‍ॅबसॉर्ब' नावाच्या स्टेंटचा पहिला प्रयोग ३० रुग्णांवर झाला. परिणाम आशादायक दिसले. लौकरच तो युरोपात विकला जाऊ लागला, २०१२ च्या अखेरीस आपल्याकडे आला आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेनेही त्यास मान्यता दिली.

मग मोठे हिशेब हाती आले. २०१७ साली नेदरलँड्समधील १८४५ रुग्णांच्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. निम्म्यांना हा स्टेंट व निम्म्यांना औषधलेपित धातूचा, अशी ती विभागणी होती. दोन वर्षांत धातूच्या गटात ८ जणांच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली; विरघळणाऱ्या गटात ३१ जणांच्या. धोका इतका स्पष्ट होता की, देखरेख समितीने निष्कर्ष वेळेआधी जाहीर करावयास सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात विक्री थांबली.

असे का झाले? तो पदार्थ धातूइतका बळकट नाही, म्हणून जाळीच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या, जवळजवळ दुप्पट. जाड काडी रक्ताच्या ओघात अडथळा करते. लहान रोहिणीत ती घातली, किंवा भिंतीला नीट दाबून बसवली नाही, तर धोका वाढतो. शिवाय काही ठिकाणी काड्यांवर अस्तर चढण्यापूर्वीच जाळी सुटू लागली आणि तिचे तुकडे वाटेत आले. सेंटरिंग काढावयाचेच असते; पण ते कसे सुटते, यावर माणसाचा जीव असतो, हे आमचा कोणताही मिस्त्री सांगेल.

इकडे आपल्या देशात किमतीचा प्रश्न पेटला होता. दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेच्या रेट्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल दर ठरवले: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषधलेपित व विरघळणाऱ्या, दोहोंना २९,६०० रुपये. ज्या नवेपणासाठी आमच्या मिस्त्रीने दागिने गहाण टाकले, त्याला सरकारी दरपत्रकात एक पैसाही अधिक मिळाला नाही.

म्हणून ती कल्पनाच खोटी होती काय? तसे मी म्हणणार नाही. अधिक काळ केलेल्या पाहणीत दिसले की, जादा धोका मुख्यतः पहिल्या तीन वर्षांतला, म्हणजे स्टेंट विरघळेपर्यंतचा होता. काड्या बारीक करण्याचे व मॅग्नेशियम धातू वापरण्याचे प्रयत्न पुढे झाले. आणि २६१ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या फुग्यापेक्षा सरस ठरल्यावर, एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने गुडघ्याखालील रोहिण्यांसाठी विरघळणाऱ्या स्टेंटला मान्यता दिली. पाय वाचवण्यासाठी निघालेली विद्या हृदयापर्यंत जाऊन पुन्हा पायाशी आली!

आमचा मिस्त्री सुखरूप आहे. त्याचा स्टेंट आता विरघळला असेल. कर्ज फिटावयास चार वर्षे लागली. ज्या रुग्णांनी चाचण्यांत आपले शरीर दिले, त्यांच्यामुळेच खरे काय ते जगाला कळले. त्यांचे ऋण मोठे आहे. मला आज कोणी विचारले, "भाऊ, कोणता घेऊ?" तर मी एवढेच म्हणेन: "डॉक्टरांना विचार, हा किती माणसांवर किती वर्षे पाहिला? जुन्याशी ताडून पाहिला काय? आणि किंमत कशाची?" हे तीन प्रश्न मी २०१५ साली विचारावयास हवे होते.