लक्ष्मणरावांची देणगी

दानशूर कारखानदार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा धर्मशाळेच्या दारावरची संगमरवरी पाटी येते. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांच्या दातृत्वाचा हिशेब अशा पाट्या मोजून लागत नाही. तरीही दान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडला की मला प्रथम आठवतात ते आपल्याच जिल्ह्यातले हे गृहस्थ.

त्यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. सौंदत्तीकडचा हा मुलूख कानडी. घरात मराठी आणि ओसरीवरून उतरले की कानडी, ही घडण तुम्हा-आम्हाला नवी नाही. वडील वेदान्ती, मुलाला मात्र चित्रकलेचे आणि यंत्रांचे वेड. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल होऊ शकले. पुढे डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही असे आढळले आणि रंगांचा नाद सोडावा लागला. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

बेळगावात दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा हा धंदा. त्यातून छोटा कारखाना निघाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! कर्ज काढून पिके घेणाऱ्या कुणब्याने आयुष्यभराचा लाकडी नांगर एका मास्तराच्या शब्दावर टाकून द्यावा, ही अपेक्षाही सोपी नव्हती. विश्वास मिळवायला काय पडते, हे लक्ष्मणराव या दोन वर्षांत शिकले असावेत, असे मला वाटते.

नांगराचा जम बसू लागला तोच बेळगावची नवी वसाहत वाढू लागली आणि नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. त्या अडचणीत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. संस्थानातली जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी त्यांनी देऊ केले. कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा माळ ठरला. निवडुंग, साप आणि पाण्याची ओढ, एवढीच तिथली संपत्ती. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. वाडीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी नेमले ते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींच्या कपाळी जन्मतःच शिक्का मारला होता. अशा काळात एकदा तुरुंग पाहिलेल्या माणसाला गावात कोण उभे करणार? लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती कारखान्याची रात्र सोपवली. शिवाशीव पाळायची नाही, हाही वाडीचा दंडक होता. घरे, रस्ते, पाणी, शाळा यांची काळजी वाडीच घेई आणि तिचा कारभार रामूअण्णा पाहत.

कोणी म्हणेल, यात धर्मादाय काय? मालकाला राखणदार हवेच होते. हे खरे आहे. वाडी मालकाच्या मर्जीवर चाले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली व्यवस्था तो माणूस गेल्यावर कशी टिकेल, हा प्रश्न उरतोच. पण पैशाचे दान घेणाऱ्याची मान थोडी तरी खाली जाते. ज्याच्या हाती किल्ल्या दिल्या त्याची मान वर होते. याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली. तिची कथा पुढे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटातून देशभर गेली. किर्लोस्करवाडीच्या माळावर तो विचार एकोणतीस वर्षे आधी रुजला होता.

या माळावरून छापील अक्षरही निघाले. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' आले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मराठी वाचनाची गोडी या मासिकांनी लावली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.त शिकून आले आणि उद्योग विस्तारला. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिने आणि बंगळूरला विजेची यंत्रे, असा तो मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांत पसरला.

मग १९४८ आले. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. अडतीस वर्षांचे काम डोळ्यांदेखत जळाले तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात होते. माणसांवर टाकलेला विश्वास फुकट गेला, असे कोणी म्हणाले असते तर त्याला दोष देता आला नसता. कारखाना मात्र पुन्हा उभा राहिला आणि वाडी पुन्हा नांदती झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली आणि त्यांचा जन्मजिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ते मराठी की कानडी, बेळगावचे की सांगलीकडचे, यावर आपण खुशाल वाद घालू. त्यांच्या नांगराचा फाळ दोन्हीकडच्या काळ्या जमिनीत सारखाच उतरला. यंदा दिवाळीत मुलांना त्यांची गोष्ट सांगाल तेव्हा नांगराबरोबर त्या दोन राखणदारांची नावेही सांगा.