ड्रॉइंगच्या तासाआधीची मुलं

पुस्तकांची चित्रं काढणं हा माझा व्यवसाय. त्यातून वेळ काढून नांदेड-लातूरच्या जिल्हा परिषद शाळांत मी पहिली ते चौथीच्या मुलांसाठी कार्यशाळा घेतो. या वर्गांना चित्रकलेचे स्वतंत्र शिक्षक नसतात. भाषा, गणित, कवायत आणि चित्र, सगळं वर्गशिक्षकांकडेच.

या उणिवेचं मूळ जुनं आहे. 1857 साली जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा निघाली, ती मुख्यतः कुशल कारागीर घडवायला. पुढे शाळांत रुजलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमध्ये तोच हेतू दिसतो. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे सगळं डोळ्याला आणि हाताला शिस्त लावणारं. हायस्कूलच्या मुलांना त्याचा फायदा झालाच. सहा वर्षांचं मूल मात्र त्या आखणीत कुठेच नव्हतं.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. अजिंठ्याची भित्तिचित्रं वाचवायला निजाम सरकारने 1920च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले, आणि ते काम मोलाचंच होतं. पण त्याच राज्यात खेड्यांतल्या शाळा विरळ होत्या आणि वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. मग 1971 पासून बालभारतीच्या 'किशोर' मासिकातून उत्तम चित्रं मुलांपर्यंत जाऊ लागली. ती मुलांनी पाहायची होती. स्वतः काढायला शिकवणारं माणूस तरीही आलं नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातही अंशकालीन कलाशिक्षक आहे तो सहावी ते आठवीला, आणि तोही पटसंख्या शंभरावर असेल तरच.

मुलांचे हात मात्र कधीच रिकामे नव्हते. पोळ्याला मातीचे बैल, पंचमीला नाग, दारात रांगोळी हे सगळं घरी चालूच होतं.

कार्यशाळेत मोठा कागद दिला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, काय काढू?" आणि मग दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, नारळ. औसा तालुक्यातल्या काळ्या रानात नारळ कुठून येणार? म्हणून मी म्हणतो, येळवस काढा, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण. वर्ग एकदम बदलतो. कडब्याची कोपी, आत मांडलेले पांडव, आंबिलाची बिंदगी, भज्जी, बैलगाडी. एका मुलीने आजी कोपीपेक्षा मोठी काढली होती, कारण भज्जी तीच वाढते. हे प्रमाण चुकीचं नाही. त्या वयात महत्त्वाचं माणूस मोठंच काढायचं असतं. ते खोडायला लावणाऱ्यांशी मी भांडतो. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा लातूरच्या मुलांच्या कागदांवर टँकर आणि घागरींच्या रांगा होत्या. कुणी सांगितल्या नव्हत्या.

रंग महाग पडतात, म्हणून कोळसा, गेरू, हळद आणि चुना वापरतो. कागद मात्र मोठाच हवा.

शाळाशाळांत 'बोलक्या भिंती' रंगवल्या जातात, पण रंगवतात मोठी माणसं. म्हणून प्रत्येक मुख्याध्यापकांकडे माझी एकच मागणी असते: जमिनीपासून तीन फुटांपर्यंतची एक पट्टी मुलांसाठी कोरी सोडा. काही शाळांनी ती सोडली आहे. तिथे वर्षातून एकदा चुना मारून घेतात आणि पहिलीची नवी मुलं पुन्हा सुरुवात करतात.