नवजात शिशूंची भूल, वेदना आणि प्रतिकारक्षमता

शस्त्रक्रियेतील वेदनेचा तान्ह्या बाळाच्या संप्रेरकांवर, चयापचयावर आणि रोगप्रतिकारक्षमतेवर काय परिणाम होतो व योग्य भूल आणि वेदनाशामके देऊन तो कितपत टळतो, याचा अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र.

नवजात बाळाला वेदना नीटशी कळत नाहीत, हा समज १९८०च्या दशकापर्यंत वैद्यकात रूढ होता. पुरती भूल बाळाला झेपणार नाही, ही भीतीही होतीच. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडतानाही अनेक ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारे क्युरारे एवढ्यावरच भागवत. क्युरारे दिलेल्या बाळाला हातपाय हलवता येत नाहीत, कपाळाला आठी घालता येत नाही, रडताही येत नाही. वेदना होत असलीच, तर तिची खूण रक्तातच शोधावी लागणार होती.

ती कंवलजीत सिंग आनंद यांनी शोधली. इंदूरला वैद्यकीय पदवी घेतलेले आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले होते. हृदयाजवळील उघडी राहिलेली धमनी बांधण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर व्हायची होती, अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या औषधांबरोबर वजनाच्या दर किलोमागे १० मायक्रोग्रॅम फेंटानिल हे मॉर्फीनच्या वर्गातील वेदनाशामक दिले, दुसऱ्याला दिले नाही. फेंटानिल न मिळालेल्या बाळांत अ‍ॅड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन, रक्तशर्करा व लॅक्टेट अधिक वाढले. पुढचे दिवस शरीरातील प्रथिनेही जास्त झिजली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८७ साली आलेल्या या निबंधात बाळे मोजकीच होती, तरी त्याने जुना समज मुळापासून हलवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजातांनाही भूल द्यावी, अशी भूमिका घेतली.

बॉस्टनमधील हृदयशस्त्रक्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष (१९९२) अधिक बोलके आहेत. त्याच वर्गातल्या सुफेंटानिलची गाढ भूल मिळालेल्या ३० नवजातांपैकी एकही दगावले नाही. हलक्या भुलीच्या १५ पैकी ४ दगावली. रक्तातील जंतुसंसर्गही पहिल्या गटात कमी होता. ताणामुळे वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके पांढऱ्या पेशींचे काम मंदावतात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण.

मात्र औषध जितके जास्त तितके बरे, असे नाही. मॉर्फीनसारखी अफूजन्य औषधे स्वतःही नैसर्गिक मारक पेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) क्रिया दडपतात. कृत्रिम श्वासावरील ८९८ बाळांच्या चाचणीत (२००४) सरसकट मॉर्फीन दिल्याने मृत्यू वा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. रक्तदाब मात्र घसरला.

घरच्या औषधालाही हाच सावधपणा लागू पडतो. चेक प्रजासत्ताकातील ४५९ बाळांच्या अभ्यासात (२००९) लसीबरोबरच प्रतिबंधक म्हणून पॅरासिटामॉल दिल्यास ताप कमी येतो, पण काही लसींची प्रतिपिंडेही कमी तयार होतात, असे आढळले. लस टोचण्याआधी किंवा टोचताना तोंडावाटे वेदनाशामक देऊ नये, त्याऐवजी त्या वेळी बाळाला अंगावर पाजावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ पासूनची शिफारस आहे.