महाडचा विंचू आणि शॉक

रक्तदाब कोसळून अवयवांना पुरेसे रक्त मिळेनासे झाले, की त्या अवस्थेला वैद्यकात ‘शॉक’ म्हणतात. मानसिक धक्का तो वेगळा. वर्गात हे आवर्जून सांगावे लागते. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेला रुग्ण आज वांद्र्याच्या एखाद्या रुग्णालयात आला आणि सलाईन देऊनही दाब चढेना, तर डॉक्टर नॉरॲड्रेनलिन सुरू करतात. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या त्याने आवळल्या जातात. त्याचे भावंड ॲड्रेनलिन जोकिची ताकामिने यांनी 1901 मध्ये शुद्ध रूपात मिळवले होते.

मग दाब उतरला की वाहिन्या आवळायच्या, एवढे हे सोपे आहे का? उत्तरासाठी आपण कोकणात जाऊ.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. लाल विंचू चावलेली माणसे तेथे येत. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. मग धाप, तोंडाला फेस आणि मृत्यू. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. 1982 मध्ये त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या.

या विषाने चेतातंतूंतील सोडियमची दारे लवकर मिटत नाहीत. चेतातंतू सतत उद्दीपित राहतात आणि शरीर स्वतःचेच ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन रक्तात ओतत सुटते. वाहिन्या घट्ट आवळतात, दाब आधी चढतो. बंद दारावर धडका द्याव्यात तसे हृदय चालते, थकते. फुप्फुसांत पाणी साचते आणि शेवटी दाब पडतो. म्हणजे हा पंप थकल्याचा शॉक. अशा वेळी वाहिन्या आणखी आवळणे म्हणजे थकलेल्या हृदयावर ओझे वाढवणे.

बावस्करांनी उलटी वाट धरली. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने, सतत पहारा ठेवून द्यावे लागते. खेड्यात ते कसे जमावे? मग प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी आली. नॉरॲड्रेनलिन वाहिन्यांवर जेथे पकड घेते, ती जागाच ती अडवते. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेही प्रसिद्ध झाले. गंभीर दंशातले सुमारे 30 टक्के मृत्यू 1 टक्क्याच्या आसपास आले. आमच्या मते हे संशोधन कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेच्या तोडीचे आहे.

2011 मध्ये बावस्कर दांपत्याने ‘बीएमजे’त आणखी एक तुलना मांडली: प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो. दाब पडून फुप्फुसे भरलीच, तर हृदयाला जोर देणारे डोब्युटामिन देतात. आणि गोळी लागू पडल्याची खूण कोणती? गार पडलेले हातपाय पुन्हा ऊबदार होतात.